चव्वेचाळिसाव्या वर्षी तापीत

मी मूळची पिंप्राळ्याची, म्हणजे जळगावचीच. आमच्या कॉलनीत पाणी म्हणजे नळ. नळ आला की गल्लीभर बादल्या वाजायच्या आणि नळ गेला की विषय संपायचा. नदीशी माझा संबंध एसटीच्या खिडकीपुरता. शाळेत असताना सहलीत पाटाच्या कडेवरून पाय घसरून मी पाण्यात पडले होते आणि शिपाईकाकांनी मला वेणीला धरून बाहेर ओढलं होतं. तेव्हापासून डोक्यावरून तांब्या ओततानाही मी श्वास कोंडून धरायचे. अशा बाईला नवऱ्याच्या नोकरीपायी तापीकाठच्या गावात येऊन राहावं लागलं.

नवरा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला होता. खोली तिथेच मिळत होती, पण त्याला हे गाव आवडलं. "उठल्या उठल्या समोर नदी! अजून काय पाहिजे माणसाला?" असं म्हणून त्याने घाटाजवळचं दोन खोल्यांचं घर ठरवून टाकलं. लहानपणी आपण विहिरीत कसे सूर मारायचो, हेही त्याने घरमालकाला ऐकवलं. मुलगी पुण्याला शिकायला गेलेली. नवरा सकाळी मोटरसायकलवर निघून गेला की मी ओट्यावर शिलाई मशीन मांडायचे. महिनाभरात गाव मला 'शिलाईवाली बाई' म्हणायला लागलं. समोर नदी होती खरी, पण मी मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी अक्का ब्लाऊज शिवायला घेऊन आल्या. वय पासष्टीच्या पुढे, कपाळावर मोठं गोंदण, आवाज असा की दोन घरं पलीकडे ऐकू जावा. मळ्यात कापूस आणि पपई, घरी मुलगा, सून, नातवंडं. मी माप घ्यायला लागले तर खांद्याशी टेप पुरेना. इतके रुंद आणि घट्ट खांदे मी बाईमाणसाचे पाहिले नव्हते.

"अक्का, शेतात राबून झाले का हे खांदे?"

त्या हसल्या. "शेतमा नही वं. नदीमा!"

मग कळलं की अक्का रोज सकाळी घाटावरून नदीत उतरतात आणि पोहून येतात. थंडी असो, वारा असो, फक्त पुराचे महिने सोडून. त्यांचं माहेर समोरच्या काठावर. लहानपणी म्हशी पाण्यात घातल्या की शेपूट धरून त्या अर्धी नदी पार करायच्या, पुढे शेपटीची गरज उरली नाही.

"तुले पव्हता येस का?" त्यांनी विचारलं.

मी वेणीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, आणि ब्लाऊजचं काही न बोलता म्हणाल्या, "दिवाळी व्हऊ दे. पाणी निवळ व्हई. मंग उतरू आपण."

मला वाटलं, बोलून विसरतील. भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हजर. हातात तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन, मध्ये सुती दोर. "पहिले भोपळा बांधेत, आते हाई," म्हणाल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहा पीत होता. "जा की," म्हणाला, "पोहणं फार सोपं असतं. मला वेळ असता तर मीच शिकवलं असतं."

पहिल्या दिवशी मी घाटाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. पाणी घोट्याच्या वर आलं आणि माझे दात वाजायला लागले, थंडीने कमी, भीतीने जास्त. धुणं धुणाऱ्या बायांनी धुणं थांबवलं. अक्का साडीचा कासोटा मारून गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि हात पुढे केले. "ये. पाणी काय तुले चावस का?"

"अक्का, उद्या."

"आज. मी शे ना!"

ते 'मी शे ना' मी त्या हिवाळ्यात किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. त्या दिवशी मात्र कमरेपर्यंत जाऊन मी परत फिरले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण अक्का पुन्हा दारात उभ्या होत्या आणि त्यांना नाही म्हणण्यापेक्षा पाण्यात उतरणं सोपं होतं.

पाठीला कॅन बांधले की माणूस बुडत नाही, हे डोक्याला कळायला वेळ लागत नाही. पायांना कळायला आठ दिवस लागले. त्यात माझा पंजाबी ड्रेस. पाण्यात शिरले की कुडत्यात हवा भरायची आणि ते फुगून तोंडापर्यंत यायचं. एकदा ओढणी पायात अडकली तेव्हा मी अक्कांच्या गळ्याला अशी मिठी मारली की त्यांची माळ तुटली आणि आम्ही दोघी पायरीवर बसून मणी शोधत राहिलो. माळ मी ओवून दिली. पण त्याच दुपारी ठरवलं की पोहणं जमो न जमो, कपडे मात्र मला जमायलाच हवेत. ते माझं काम होतं.

घरात नवऱ्याला दिवाळीला मिळालेलं पँटपीस पडून होतं. न फुगणारं, लवकर वाळणारं कापड. मी त्याचे गुडघ्याच्या खालपर्यंत येणारी तंग विजार आणि अर्ध्या बाह्यांचा, कमरेला नाडी असलेला सदरा असे दोन कपडे शिवले. रविवारी नवरा कपाट उचकायला लागला.

"अगं, माझं पँटपीस कुठंय?"

"पोहतंय," मी म्हणाले. "दोरीवर वाळत घातलंय."

तो बाहेर जाऊन बघून आला. संध्याकाळी म्हणाला, "फिटिंग चांगलं आलंय."

त्या कपड्यांनी खरंच फरक पडला. अंगाला चिकटलेलं कापड सोडून पाण्याकडे लक्ष द्यायला मी मोकळी झाले. मार्गशीर्षात एका सकाळी अक्कांनी माझ्या पोटाखालचा हात कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही. मी पाय हलवत होते, हात मारत होते, आणि त्या चार हात लांब उभ्या राहून कुणाशी तरी कापसाच्या वेचणीबद्दल बोलत होत्या. मला ते दिसलं आणि गडबडून माझं तोंडच पाण्यात गेलं. नाकातोंडात पाणी गेलं, खोकत मान वर काढली तर घाटावरच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "हा ड्रेस तुम्हीच शिवला का? मलाही शिवून द्याल?"

संक्रांतीला माझी थोरली बहीण आली. ती दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहते. तिथले सरळ रस्ते, रांगेतली घरं, भिंतीपल्याड उंच धुरांडी, सगळं शिस्तीत. आल्या आल्या तिने विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे गं?"

मी गडबडले. पण दोन दिवसांत जे दाखवता आलं ते दाखवलं. घाटावरचं महादेवाचं देऊळ, ज्याच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा ओढलेल्या आहेत. सगळ्यात वरच्या रेघेला हात लावायला पुजारीसुद्धा स्टूल घेतो. आठवडी बाजारातली हिरव्या वांग्यांची रास. काड्यांच्या जाळावर ती वांगी भाजून, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचून केलेलं भरीत अक्कांच्या मळ्यात खाल्लं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर. बहिणीने तिसरी भाकरी मागताना इकडेतिकडे पाहिलं. मग नाव. पूल दूर असल्याने पलीकडच्या गावात जायला लोक अजून नावेतच बसतात. नाव चालवणारे नाना कमी बोलणारे. बहिणीने त्यांना विचारलं, "खोल आहे का हो?" ते म्हणाले, "काही ठिकाणी." एवढंच. ती उतरेपर्यंत नावेची कड धरून बसली.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती शाल पांघरून घाटावर बसली आणि तिने मला पाण्यात पाहिलं. मी वीसेक हात पोहून परत आले. घरी आल्यावर तिने माझ्यासाठी पाणी तापवलं, माझे केस पुसले आणि म्हणाली, "आईला फोन लाव. मला सांगायचंय."

ती गेल्यावर आठवड्याभराने अक्कांनी मनातलं बोलून दाखवलं. आम्ही पायरीवर उन्हात बसलो होतो. त्या समोरच्या काठाकडे बघत म्हणाल्या, "आखाजीले माले माहेरले जाणं शे."

"मग जा ना. नाव आहे की."

"नावमा नही. पव्हत."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खान्देशात लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्का लग्नानंतर कितीतरी वर्षं आखाजीला नदी पोहूनच माहेरी जायच्या. डोक्यावर लुगड्याचं गाठोडं बांधायचं आणि निघायचं. आई काठावर उभी असायची. आई गेली, मग अक्कांचे पती गेले, मग मुलगा म्हणायला लागला, आता वय झालं, एकटीने घाटापासून लांब जायचं नाही. सोबतीला कुणी असेल तर बघू. आणि गावात त्यांच्या सोबत नदी पार करेल अशी बाई उरली नव्हती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "म्हणून मला शिकवलंत?"

अक्का थोड्या ओशाळल्या. त्यांना तसं मी एकदाच पाहिलं. "पहिले म्हणून," म्हणाल्या. "आते तसं नही."

त्या रात्री मला राग आला होता का? थोडासा. दुसऱ्या दिवशी मी घाटावर गेले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. अक्का दारात आल्या नाहीत. मशीनवर बसून मी हेच घोळवत होते की आपल्याला कुणीतरी नुसतं सोबतीसाठी निवडलं. आणि मग असंही वाटलं, की सबंध गावात निवडायला मीच सापडले, जिला घोटाभर पाण्याची भीती वाटत होती! किती धीर लागला असेल त्यासाठी. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या गोठ्यात होत्या. मला पाहून त्यांनी हात धुतले आणि कॅन उचलले.

त्यानंतर मात्र खरं शिकणं सुरू झालं. फाल्गुनात दोनाचा एक कॅन झाला. उताणं पडून तरंगायचं कसं, दम लागला तर घाई न करता हात कसे टाकायचे, ओढ असेल तिथे सरळ न जाता तिरपं कसं कापायचं, सगळं त्यांनी शिकवलं. पाणी दिवसेंदिवस कमी होत होतं. पलीकडच्या काठाशी वाळूचा मोठा पट्टा उघडा पडला आणि त्यावर टरबुजांच्या वेली हिरव्या दिसायला लागल्या. त्या अक्कांच्या थोरल्या भावाच्या. त्यांना सगळे आबा म्हणतात.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही घाटावर जमलो. ऊन चढायच्या आत पलीकडे पोचायचं होतं. अक्कांच्या मुलाने एकच अट घातली होती, नाव मागे पाहिजे. नाना वल्हं घेऊन तयार होते. नावेत कोरड्या कपड्यांच्या पिशव्या, अक्कांच्या सुनेने दिलेला सांजोऱ्यांचा डबा, आणि माझा नवरा. त्याने सुट्टी घेतली होती आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता.

"तुम्हीही या ना पाण्यात," मी म्हणाले.

"शूटिंग कोण करणार मग?" तो म्हणाला.

अक्का आधी उतरल्या. महादेवाकडे हात जोडले, पाणी डोळ्यांना लावलं आणि निघाल्या. मी त्यांच्या डावीकडे, पाठीला एक कॅन. सुरुवातीला सगळं रोजच्यासारखं. पाणी वर कोमट आणि खाली पायाशी गार. माझा श्वास, माझे हात, अक्कांच्या हातांचा छप छप आवाज. अर्ध्याच्या थोडं अलीकडे माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. असा, की कुणीतरी आतून पिळतंय. पाय वाकडा झाला आणि तोंड पाण्याखाली गेलं. वर आले ते ओरडतच.

नानांनी नाव जवळ घेतली. "बाई, नावमा ये."

नवऱ्याने दोन्ही हात पुढे केले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

अक्का मात्र माझ्याशेजारी आल्या, कॅनची दोरी धरली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "उताणी व्हय. पाय ढिला सोड. आकाश देख."

मी उताणी झाले. आकाशात एकही ढग नव्हता. एक बगळा सावकाश गेला. अक्का एका हाताने दोरी धरून पायांनी पाणी कापत होत्या आणि दुसऱ्या हाताने माझी पोटरी चोळत होत्या. हळूहळू गोळा सुटला. मला नावेत जाता आलं असतं, कुणी काही म्हणालं नसतं. पण मी नावेत चढले असते तर अक्काही चढल्या असत्या, हे मला कळत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

"चालू या," मी म्हणाले.

पुढचं अंतर आम्ही फार हळू गेलो. मी मोजत नव्हते, बघत होते. आधी पलीकडची झाडं, मग वेली, मग वेलींमधला एक पांढरा ठिपका, मग तो ठिपका म्हणजे टोपी घातलेला माणूस. आणि एका क्षणी माझ्या पायाच्या अंगठ्याला वाळू लागली.

ते नवऱ्याला नीट टिपायचं होतं. तो नावेत उभा राहिला, एक पाय कडेवर ठेवला, आणि नाव वाळूला घासून थांबली तसा तो सरळ पाण्यात पडला. "वाचवा! वाचवा!" असं ओरडत तो हातपाय झाडायला लागला. मी त्याच्याकडे वळलेच होते, तेवढ्यात नाना, जे वर्षभरात चार वाक्यं बोलत नाहीत, ते मोठ्याने म्हणाले, "भाऊ, उभा ऱ्हाय ना! पाणी कंबरइतलंच शे!"

नवरा उभा राहिला. पाणी कमरेच्याही खाली होतं. अक्का हसता हसता वाळूत बसल्या. मीही. नवऱ्याने तोंड पुसलं, गळ्यातला मोबाइल चालू आहे का पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "विहिरीत वेगळं असतं."

टोपीवाले आबा वेलींतून चालत आले. ऐंशीच्या आसपासचे, हातात विळा. बहीण भिजलेली, वाळूत बसलेली, सोबत एक अनोळखी बाई विजार घातलेली, आणि एक निथळणारा माणूस. त्यांनी आधी सगळ्यांना पाहून घेतलं आणि मग अक्कांवर आवाज चढवला.

"अक्कल शे का तुले? हाई काय वय शे? नाव व्हती ना!"

"नावमा बसीसन तं बठ्ठाच येतस," अक्का म्हणाल्या. नावेत बसून तर सगळेच येतात.

आबांनी विळा वाळूत टाकला, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि अक्कांच्या डोक्यावर घालून त्यांचे केस खसाखसा पुसायला लागले, जसे शाळेतून भिजून आलेल्या पोरीचे पुसावेत. अक्का मान खाली घालून बसून राहिल्या. पुसणं बराच वेळ चाललं. त्यातून बाहेर आल्यावर दोघांचेही डोळे लाल होते आणि दोघंही म्हणत होते की वाळू गेली.

मग आबांनी एक टरबूज उचललं, बोटाने वाजवून पाहिलं, ते ठेवून दुसरं उचललं, तेही ठेवलं, आणि तिसरं विळ्याने चिरलं. आम्ही पाच जण तिथेच वाळूत बसून ते हाताने खाल्लं. माझ्या आयुष्यात मला इतकी भूक कधी लागली नव्हती.

तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही अक्कांच्या माहेरी राहिलो. आबांच्या सुनांनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, रुमालासारख्या मोठ्या आणि पातळ. आमरसाचं पातेलं संपलं की दुसरं यायचं. लिंबाला झोका बांधला होता. माहेरवाशिणींनी आखाजीची गाणी धरली आणि अक्कांना झोक्यावर बसवलं. त्यांनी मला ओढून शेजारी बसवलं. मी म्हणाले, "अक्का, हे काही माझं माहेर नाही." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि पायाने झोका जमिनीवरून उचलला.

परत येताना आम्ही नावेत बसलो. अक्काच म्हणाल्या, की जायचं पोहत, यायचं बसून, आधीपासून तसंच होतं. आबांनी नावेत इतकी टरबुजं भरली की नवऱ्याला पाय ठेवायला जागा राहिली नाही. तो या खेपेला अजिबात उभा राहिला नाही. उन्हं उतरत आली होती. नाव मध्यावर आल्यावर मी मान वर करून पाहिलं. राहायला आल्यापासून पहिल्यांदाच मी आमचं गाव नदीतून नीट पाहत होते. संक्रांतीला नावेत बसले तेव्हा सगळं लक्ष बहिणीकडे होतं, आणि या वेळी जाताना पोहण्याच्या नादात मागे वळून बघितलंच नव्हतं. देवळाचा कळस, पायऱ्या, कुणाकुणाच्या छपरांतून निघालेला स्वयंपाकाचा धूर, आमच्या घराचा निळा दरवाजा. आणि घाटावर माणसं. धुणं धुणाऱ्या बाया, माझ्याकडून पोहायचे ड्रेस शिवून घेतलेल्या सहा-सातजणी, पुजारी, अक्कांचा मुलगा, नातवंडं. सगळी बातमी ऐकून जमलेली.

मला वाटलं, पोहण्याबद्दल विचारतील. पोटरीतला गोळा कसा सांगायचा, तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. नाव पायरीला टेकली. अक्कांच्या सुनेने हात देऊन सासूला उतरवून घेतलं, आणि पहिला प्रश्न आला तो असा:

"जेवणाला काय काय होतं?"

अक्का तिथेच पायरीवर बसल्या, पदर सारखा केला आणि पहिल्या दिवसाच्या न्याहारीपासून सांगायला लागल्या. बाकीच्या बाया त्यांच्याभोवती बसल्या. नाना टरबुजं उतरवत होते. मी चपला हातात घेतल्या, एक पायरी खाली उतरून पाण्यात पाय सोडून बसले, आणि अक्का एखादा पदार्थ विसरल्या की मागून सांगत राहिले.